उना आंटीच्या समोरची खिडकी

मित्रांनो, खिडक्यांना सहसा जन्मतारीख नसते. मला आहे. माझ्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर, आतल्या बाजूने, लॅशली सुताराने ती पेन्सिलीने लिहिली होती: अकरा मार्च एकोणीसशे चौतीस. नंतर तिच्यावर रंगाचे इतके हात चढले की आता ती कोणालाच दिसत नाही. गयाना देशातल्या जॉर्जटाऊन शहरात, उंच खांबांवर उभ्या असलेल्या एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर मी राहते. मी एक जुनी खिडकी आहे.

मी तुमच्या घरातल्या खिडकीसारखी दोन दारांची नाही. मला एकच मोठी झडप आहे. ती वरच्या बाजूला बिजागऱ्यांवर टांगलेली असते आणि खालून दांड्याने ढकलली की बाहेर तिरकी उभी राहते. झडपेला आडव्या पट्ट्या, दोन्ही अंगांना नक्षीची भोके पाडलेल्या फळ्या आणि तळाशी एक उथळ पेटी. ऊन वरच्या वर अडते, पाऊस बाहेरच राहतो आणि वारा मात्र तिन्ही बाजूंनी आत शिरतो. आत येणारा वारा गार व्हावा म्हणून पूर्वी मोठ्या लोकांच्या घरी या पेटीत बर्फाची लादी ठेवत. आमच्याकडे ओले गोणपाट ठेवत, आणि तेही पुरत असे.

आमचे शहर भरतीच्या वेळी समुद्रापेक्षा खाली असते. एक लांबच लांब भिंत समुद्राला अडवून धरते. त्या भिंतीवरून दिवसभर वारा येतो. तो पकडायचा आणि घरात आणायचा, एवढ्यासाठी लॅशलीने मला घडवले. चौकटीला त्याने ग्रीनहार्टचे लाकूड वापरले. त्यात खिळा ठोकायला गेले तर खिळाच वाकतो. लॅशलीचे बारा खिळे वाकले आणि प्रत्येक खिळ्याला त्याने वेगळी शिवी दिली, हे मला अजून आठवते.

पहिली तीस-पस्तीस वर्षे एका कस्टम कारकुनाच्या कुटुंबात गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. मग बिसनाथ मास्तरांनी ते घर घेतले, आणि माझ्या आयुष्याला खरा अर्थ आला.

मास्तर शाळेत इंग्रजी शिकवत. शाळेतून आले की माझ्याशी टेबल लावून बसत. त्या टेबलावर ते लोकांची पत्रे लिहून देत: पेन्शनचे अर्ज, जमिनीच्या तक्रारी, न्यूयॉर्कला गेलेल्या मुलांना आईबापांनी सांगितलेला मजकूर. ते घरातले ऑफिसच होते म्हणा ना. पण त्या ऑफिसात विजेचा दिवा क्वचितच लागे. ऊन कलले की मास्तर टेबल थोडे फिरवून घेत. शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ते कच्चा मजकूर लिहीत. कोणी हसले तर म्हणत, कागदाला दोन बाजू असतात, आपणच एक बघून सोडून देतो. उकडायला लागले की ते दांडा एक खाच पुढे सरकवत आणि पुन्हा लिहू लागत.

माझ्यासमोर, जेमतेम बारा फुटांवर, उना कॅडोगनची खिडकी होती. मधे एक अरुंद गटार आणि आंबट-गोड फळांचे कमरखाचे झाड. सगळी गल्ली तिला उना आंटी म्हणे. ती शिवणकाम करायची. तिचे यंत्र तिच्या खिडकीशी, मास्तरांचे टेबल माझ्याशी. आमच्या गल्लीत दार ठोठावायची पद्धत नव्हती. खिडकीत उभे राहायचे आणि हाक मारायची. साखर संपली, पाहुणे आले, पाऊस येतोय, कपडे काढ, सगळे खिडकीतून.

उना आंटीचा नवरा बॉक्साइट वाहणाऱ्या बोटीवर कामाला होता. एका अपघातात तो गेला आणि त्याचे हक्काचे पेन्शन कंपनीने नाकारले. मास्तरांनी तिच्यासाठी सहा वर्षांत सतरा पत्रे लिहिली. माझ्याच उजेडात लिहिली. अठराव्याची गरज पडली नाही. त्याबद्दल मास्तरांनी तिच्याकडून काही घेतले नाही. मग त्यांच्या मुलीचे, अंजनीचे, शाळेचे गणवेश दरवर्षी उना आंटीच शिवू लागली. अंजनीची आई लवकर वारली होती. तिची वेणी घालणे, तिला रागावणे, तापात तिच्या उशाशी बसणे हेही हळूहळू आंटीकडेच आले. आणि मास्तरांच्या घराविरुद्ध तिच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही. मित्रांनो, हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ या चांगुलपणात आहे.

मास्तर गेले तेव्हा अंजनी तिशीत होती. ती नकाशे काढायची. समुद्र कोणत्या साली किती आत येईल, कुठले शेत बुडेल, कुठे खारफुटीची झाडे लावली तर लाटा अडतील, असे नकाशे. आधी ती शहरातल्या एका कचेरीत जात असे. मग परदेशातल्या एका कंपनीने तिला घरूनच काम दिले. मास्तरांची खोली ऑफिस झाली. दोन मोठे संगणक आले, टेबलाएवढा प्रिंटर आला.

यंत्रांना समुद्राची खारी हवा सोसत नाही, असे कोणीतरी तिला सांगितले. एसी बसवायला आलेला माणूस मला बघून म्हणाला, या भोकांमधून सगळा गारवा पळून जाईल. अंजनीने थोडा विचार केला. मग माझी झडप खाली पडली, आतून स्पंजाची पट्टी लागली आणि तिच्यावर प्लायवूडचा तक्ता ठोकला गेला. एसीचे बाहेरचे यंत्र माझ्याच पायाशी, बाहेरच्या भिंतीवर बसले. त्याच्या पंख्याचे तोंड उना आंटीच्या खिडकीकडे होते. आमच्याकडे वीज सारखी जाते, म्हणून दोन घरांच्या मधल्या जागेत एक जनरेटरही आला.

ज्या कामासाठी आपण जन्माला आलो तेच कोणी बंद केले तर कसे वाटते, हे मी तुम्हाला काय सांगू? आतली खोली मला दिसेनाशी झाली. फक्त घरघर ऐकू यायची. पण माझी बाहेरची बाजू उघडी होती, आणि म्हणून अंजनीला जे दिसत नव्हते ते सगळे मला दिसत होते.

पहिल्यांदा कमरखाचे झाड सांगू लागले. यंत्राच्या समोरच्या फांदीची पाने कडेने करपली. मग उना आंटीच्या खिडकीतली रोपे. दुधाच्या रिकाम्या डब्यांत ती ओवा आणि तुळशीसारखी एक वनस्पती लावायची, पेपरपॉट हे मांसाचे कालवण शिजवताना हात बाहेर काढून दोन पाने खुडायची. एकेक डबा वाळला. दिवसभर माझ्या पायाशी गरम हवेचा झोत सुटायचा आणि बारा फूट ओलांडून तिच्या खोलीत जाऊन पडायचा. वीज गेली की जनरेटरचा धूर. आंटी एक्याऐंशी वर्षांची होती. तिने आधी पडदा जाड केला. मग खिडकी लावून घेतली. मग एके दिवशी शिवणयंत्र ओढत ओढत मागच्या अंधाऱ्या खोलीत नेले. साठ वर्षे ते यंत्र माझ्यासमोर होते.

तिने सांगायचा प्रयत्न केला नाही असे नाही. एका सकाळी तिने खिडकी उघडली आणि नेहमीसारखी हाक मारली, "अंजनी! ए अंजनी!" आत संगणक आणि एसी चालू, आणि अंजनीच्या कानांवर हेडफोन असत, हे मला पुढे कळले. आंटीने पुन्हा हाक मारली. मग कमरख पाडायची लांब काठी बाहेर काढून तिने माझ्यावर दोनदा टकटक केले. मी लाकूड आहे, मी वाजले. पण स्पंजाच्या पट्टीने तो आवाज गिळून टाकला. आंटीने काठी ओढून घेतली आणि खोकत आत गेली. आमच्या घराला एकोणीस पायऱ्या आहेत. तिच्या गुडघ्यांना त्या केव्हाच झेपेनाशा झाल्या होत्या. एकदा खिडकी किलकिली करून तिने फोन हातात घेतला, बोटाने आकडे शोधले, आणि तो परत ठेवून दिला.

अंजनी वाईट नव्हती. नाताळात ती अजून फाटकातून ताट पाठवायची. पण काम वाढत गेले, ताट नेणारा दुसराच कोणीतरी असायचा. समोर कोण खोकते हे तिला कळायला मार्गच नव्हता, कारण मार्ग म्हणजे मी होते.

ऑक्टोबर आमच्याकडे सर्वांत उष्ण. त्या ऑक्टोबरात वीज सलग तीन दिवस गेली होती. अंजनीला एक मोठा नकाशा पाठवायचा होता, त्यामुळे जनरेटर तीन दिवस अखंड चालला. वारा पडला होता. धूर दोन घरांच्या मधे साचून राहिला, गटारात पाणी साचते तसा. तिसऱ्या दिवशी दुपारी आंटीची भाची कॉर्लिस नेहमीप्रमाणे लिंडन गावाहून तिला भेटायला आली. कॉर्लिस पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. ती आत गेली आणि लगेच बाहेर धावली. थोड्या वेळाने चार शेजाऱ्यांनी उना आंटीला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणले. तिची मान एका बाजूला कलली होती.

कॉर्लिसने त्यांना पुढे पाठवले आणि स्वतः आमच्या एकोणीस पायऱ्या चढून दारावर मुठी मारू लागली. एवढा आवाज मात्र आत पोचला.

"ते यंत्र बंद कर," दार उघडल्याबरोबर ती म्हणाली.

अंजनी म्हणाली की काम चालू आहे, झाले काय?

"आंटीला श्वास येत नाहीये. तुझा धूर तिच्या घरात भरलाय. बंद कर, आणि खाली येऊन बघ."

अंजनीने जनरेटर बंद केला. तो बंद झाल्यावर जी शांतता पसरली तिच्यात मला दूरचा समुद्र ऐकू आला. दोन वर्षांत पहिल्यांदा अंजनी त्या मधल्या जागेत येऊन उभी राहिली. तिथली हवा अजून गरम होती. तिने वर माझ्याकडे पाहिले, करपलेल्या फांदीकडे पाहिले, मग उना आंटीच्या भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. भिंत काळी पडली होती. चप्पलही न घालता ती दवाखान्याकडे निघाली.

आंटी नऊ दिवस सरकारी दवाखान्यात होती. तिथे दोघींचे जे बोलणे झाले ते मला खूप पुढे कळले, अंजनीने माझ्याशेजारी बसून ते कॉर्लिसला सांगितले तेव्हा. अंजनीने विचारले होते, मला हाक का नाही मारलीस?

"मारली होती," आंटी म्हणाली. "खिडकी बंद होती."

"फोन तरी करायचास."

"तुझ्या बापाने माझ्यासाठी सतरा पत्रं लिहिली, पोरी. मी त्याच्याच पोरीला फोन करून सांगू, की तुझं काम थांबव?"

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनीने स्वतःच पकड घेऊन प्लायवूडचे खिळे उपटले. उजेड आत आला. तिने दांडा लावून मला ढकलले. मी उघडले नाही. मित्रांनो, मला किती लाज वाटली म्हणून सांगू! बिजागऱ्या गंजून एकजीव झाल्या होत्या. तळाच्या पेटीत वाळवीने घर केले होते, एका कोपऱ्यात गांधीलमाशांचे पोळे होते. वापरात नसलेली वस्तू नुसती थांबून राहत नाही, ती आतून संपत जाते.

एक माणूस मला बघायला आला. तो म्हणाला, ही काढून टाकू, अॅल्युमिनियमची सरकती काच बसवू, आणि कमी वीज खाणारा नवा एसी घ्या. अंजनीने त्याला नंतर कळवते म्हणून सांगितले. मग ती संगणकावर बसली आणि आपले ऑफिस निसर्गाला त्रास न देणारे कसे करावे याची एक लांब यादी तयार केली. तोवर आंटी घरी आली होती, तिच्या नाकाला सकाळ-संध्याकाळ वाफ द्यावी लागे. अंजनी यादी घेऊन तिच्याकडे गेली. आंटीची खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळे ऐकू आले.

अंजनी वाचत गेली. बांबूचे नवे टेबल. बांबूची खुर्ची. नवा एसी. नवा प्रिंटर. जुन्या कागदापासून बनवलेला नवा कागद. नव्या प्रकारचे दिवे.

"बांबूची खुर्ची कुठून येणार?" आंटीने विचारले.

"चीनहून."

"बोटीने?"

"हो."

आंटीला हसू आले आणि हसण्याने खोकला आला. पाणी पिऊन ती म्हणाली, "बाई गं, मास्तरांची खुर्ची काय चावते का तुला? ही सगळी खरेदीची यादी झाली. तू बंद काय करणार, ते कुठे लिहिलंयस?"

अंजनीने कागद उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर लिहायला घेतले.

पहिला बंद झाला तो एसी. बाहेरचे यंत्र भिंतीवरून उतरले, त्याच्या खाली चार भोके राहिली, ती अजून आहेत. जनरेटर गेला. छपरावर दोन सौर पॅनेल आणि खाली एक बॅटरी आली. त्यांच्यावर एक लहान संगणक, एक पंखा आणि एक दिवा चालेल, त्याहून जास्त नाही. मोठे संगणक तिने मुलींच्या शाळेला दिले. प्रिंटरवर कापड घातले आणि महिन्यातून एकदाच तो उघडायचा असे ठरवले. चुकलेल्या नकाशांचे ढीग होते, त्यांच्या वह्या शिवल्या. शिवल्या म्हणजे उना आंटीने पलंगावर बसून हाताने शिवल्या.

माझ्यासाठी हाइंड्स नावाचा म्हातारा सुतार आला. त्याने माझ्या चौकटीवर बोटाचे पेर आपटून पाहिले.

"ही तुझ्यानंतरही राहील," तो अंजनीला म्हणाला. "तळाची पेटी तेवढी गेलीय. काढून टाक असं कोण म्हणालं?"

अंजनीने सांगितले. हाइंड्सने त्या माणसाबद्दल काही मत दिले, ते मी इथे सांगत नाही. त्याने पाच दिवस काम केले. नवी पेटी, पितळी बिजागऱ्या, तीन नव्या पट्ट्या. सहाव्या दिवशी सकाळी अंजनीने दांडा धरला आणि मी उघडले. वारा तिच्या केसांतून जाऊन मागच्या भिंतीवरच्या कागदांपर्यंत पोचला, तेव्हा मला लॅशलीचे हात आठवले.

पण हे सगळे सुखाचे झाले असे समजू नका. पहिला महिना तिच्यासाठी कठीण गेला. घामाचे थेंब कळफलकावर पडत. दुपारी एक ते चार त्या खोलीत बसवत नसे. तिने कामाची वेळ बदलली: पहाटे उठून अकरापर्यंत, आणि मग चारनंतर उजेड असेपर्यंत. कंपनीला तसे कळवले. कंपनीला दुपारी माणूस समोर हवा होता. दोन आठवड्यांनी उत्तर आले आणि तिचे अर्धे काम काढून दुसऱ्या कोणाला दिले गेले. त्या दिवशी ती माझ्यावर कपाळ टेकून बराच वेळ बसली. एसीवाल्याचा नंबरही तिने फोनवर काढला होता. मग समोरून आंटीने विचारले, जेवलीस का. तिने फोन ठेवला आणि हो म्हणाली, जेवली नव्हती तरी. हळूहळू गयानातल्याच दोन गावांचे काम तिला मिळाले. ते आधीएवढे नव्हते. तिला त्यात भागवायला शिकावे लागले.

उना आंटी पुन्हा खिडकीत बसू लागली. कॉर्लिसने शिवणयंत्र पुढच्या खोलीत आणून दिले. पण पाय मारायचा जोर तिच्यात राहिला नव्हता. ती नुसती त्याच्यावर हात ठेवून बसे. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. बारा फुटांवरून मला तो स्पष्ट ऐकू येई, आणि अंजनीलाही. काम करता करता तो थांबला तर ती मान वर करून बघायची. दोघी बोलत मात्र खूप. भाजी काय केली, मास्तर कुठल्या शब्दाला अडत, समोरच्या रस्त्यावरच्या बाईने तिसरे लग्न कोणाशी केले. आंटी तिला चिडवायची की तुझ्या नकाशात माझे घर कुठल्या साली बुडते ते सांग, मी तेवढी थांबते. कमरखाच्या फांदीला नवी पाने आली. आंटीच्या छातीत मात्र नवे काही आले नाही.

जूनमधल्या एका सकाळी तिने खिडकी उघडली नाही. अंजनीने हाक मारली. दुसऱ्यांदा मारली नाही, सरळ धावत गेली.

डॉक्टरांनी सांगितले की वय होते, फुप्फुसे थकली होती, धुराने किती आणि वयाने किती हे कोणी सांगू शकणार नाही. हे वाक्य अंजनीने पुढे कितीदा तरी मनाशी म्हटले असेल. कारण ज्याचे माप निघत नाही, असे ओझे खाली ठेवता येत नाही.

दफन करून लोक परत आले ते दोन घरांच्या मधल्या त्याच जागेत बसले. माझ्या बरोबर खाली. बाक मांडले होते, कुक-अप या मसालेभाताचे मोठे पातेले होते, झाडाच्या सालीपासून केलेल्या माउबीच्या सरबताचे पेले फिरत होते. पाद्रीबाबा उठून चार शब्द बोलले. ते म्हणाले, शेजार कसा असावा ते या गल्लीने बघावे. रक्ताचे नाते नसताना अंजनी बिसनाथने म्हाताऱ्या उनाची शेवटचे आठ महिने मुलीसारखी सेवा केली. लोकांनी माना डोलावल्या. एका बाईने अंजनीच्या पाठीवरून हात फिरवला. कॉर्लिस पातेल्याजवळ उभी होती. तिने वर पाहिले नाही.

अंजनी उठून उभी राहिली.

"पाद्रीबाबा, थांबा," ती म्हणाली. "आठ महिन्यांचं तुम्ही सांगितलंत. त्याआधीची दोन वर्षं मी सांगते. तुम्ही बसलाय तिथे माझा जनरेटर होता. त्या भिंतीवर माझा एसी होता. मी आत गार बसावं म्हणून माझी सगळी गरमी आणि धूर मी आंटीच्या घरात ढकलत होते. ती मला हाका मारत होती आणि मी खिडकीवर फळी ठोकून बसले होते. मला माहीत नव्हतं हे खरंय. पण मी बघितलंही नव्हतं."

पाद्रीबाबा खाली बसले. पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. अंजनी तशीच उभी होती, आणि मला वाटले की आता हे लोक उठून जातील, किंवा तिला काहीतरी बोलतील, आणि त्यांनी बोलावे असेच तिला वाटत असावे.

कॉर्लिस पातेल्याजवळून आली. तिने अंजनीच्या हातात एक ताट दिले.

"हे कोणीतरी म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "मी म्हणणार होते. तू म्हणालीस ते बरं झालं. आता बस आणि खा."

अंजनी बसली. ती रडत होती आणि खातही होती. तेव्हा मागच्या बाकावरून बॅकस नावाचा एक गृहस्थ उठला. पलीकडच्या रस्त्यावर राहणारा, घरूनच हिशेबनीसाचे काम करणारा, जाडजूड माणूस. तो तिच्याजवळ येऊन वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "माझ्या यंत्राचं तोंडही शेजारच्या भिंतीकडे आहे. पलीकडे कोण झोपतं मला माहीत नाही. आधी काय करू, सांगता?"

"आधी जाऊन विचारा," अंजनी म्हणाली.

बॅकसने टोपी घातली आणि जेवण अर्धे टाकून निघाला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत होते. त्याने त्या घरी जाऊन काय विचारले, त्यांनी त्याला काय सांगितले, ते मला माहीत नाही. माझी नजर तिथवर पोचत नाही. एवढे मात्र कळले की पुढच्या आठवड्यात हाइंड्स सुताराला त्या रस्त्यावर एक जुनी खिडकी दुरुस्त करायला बोलावणे आले.

मित्रांनो, मी आता नव्वदी ओलांडली आहे. वर्षातून एकदा बिजागऱ्यांना तेल लागते, पावसाळ्याआधी रंगाचा एक हात, आणि वाळवी कुठे शिरली का ते कोणीतरी वाकून बघावे लागते. एवढे केले तर आमच्यासारख्या जुन्या वस्तू तुमचे खूप काम करतात, कुरकूर न करता. पण मला माझ्यासाठी मागायचे नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही घरात तुमचे टेबल असेल, तुमचे यंत्र असेल. खोली गार असेल, स्वच्छ असेल, छान उजेडाची असेल. त्या दिवशी एकदा खोलीतून बाहेर पडा आणि घराला वळसा घालून भिंतीच्या पलीकडे जा. तिथे जे उभे असेल, झाड, जनावर किंवा माणूस, त्याच्या जागेवर थोडा वेळ उभे राहा. मगच परत येऊन कामाला बसा.